खड्यांच्या पाण्याची पाळी

अंगठ्याला स्वतःची अशी एक स्मरणशक्ती असते. डोळे विसरतात, कान तर वयाबरोबर मुद्दाम विसरल्यासारखं करतात. पण माझ्या उजव्या हाताच्या अंगठ्यानं एक स्पर्श अजून जसाच्या तसा सांभाळून ठेवला आहे. मार्गशीर्षातली कोवळी, तिरपी दुपार, दक्षिणेच्या खिडकीतली उबलेली फरशी आणि तिच्यावर ठेवलेल्या मातीच्या परळातला एक करडा, नक्षीदार खडा. नदीकाठी पायाखाली येतो आणि आपण ज्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही, तसाच. अंगठा टेकवला तर गार, गुळगुळीत, मौनव्रत घेतलेला. पण हलकेच दाबला, तेव्हा तो दगड किंचित दबला आणि अंगठा उचलताच पुन्हा पूर्ववत झाला. मी दचकून हात मागे घेतला. दगडाच्या आत कुणीतरी राहत होतं.

हे बिऱ्हाड आमच्या बारामतीच्या घरात आणलं माझ्या मैत्रिणीनं, नसीमनं. आम्ही दोघी अध्यापक विद्यालयात एका बाकावर बसलेल्या. पुढे मी बारामतीच्या शाळेत लागले आणि ती लग्न होऊन इंदापूरला गेली. नवऱ्याचं दुकान, तीन मुलं, सासूबाईंची पथ्यं, आणि एवढ्या सगळ्यातून उरलेल्या गच्चीवर तिचे निवडुंग. पुण्यातल्या कुणा निवडुंगवेड्या गृहस्थांकडून तिनं चिमूटभर बी मिळवलं होतं, खसखशीहून बारीक. त्यातून वाढवलेली पाच झाडं ती स्टीलच्या डब्यात घालून, एस.टी.त मांडीवर सांभाळत माझ्यासाठी घेऊन आली. नव्वदीच्या मधल्या वर्षांतली ही गोष्ट. फोन करायचा तर कोपऱ्यावरच्या पिवळ्या बूथवर जावं लागे, आणि येणारा माणूस न सांगता येण्यातच मजा होती. तिनं डबा उघडला तेव्हा आमचे हे म्हणाले, "नसीमताई, जेवणातले खडे आम्ही रोज निवडून टाकतो, आणि तुम्ही डबा भरून आणलेत?"

तर हे खडे म्हणजे लिथॉप्स. दोन जाडजूड पानं एकमेकांना चिकटलेली, मधे एक फट, आणि संपलं झाड. ना खोड, ना फांदी, ना सळसळ. आफ्रिकेच्या उजाड माळावर जनावरांनी खाऊ नये म्हणून यांनी दगडाचं सोंग घेतलं आणि सोंग इतकं वठलं की तेच रूप होऊन बसलं. वर्षातून एकदा त्या फटीतून पानांची नवी जोडी वर येते आणि जुनी जोडी वाळून कागदासारखी होते. "पाणी कमी घाल," नसीम बजावून गेली. "कमी म्हणजे आपण कमी समजतो ना, त्याच्याहून कमी. आणि थंडीत फट उघडायला लागली की अजिबात नाही." तिनं चार झाडं परळात लावून दिली. पाचवं सगळ्यांत पिटुकलं. परळात जागा नव्हती, म्हणून ते कान तुटलेल्या एका कपात लावलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत लोणच्याच्या बरणीआड ठेवून दिलं.

पाणी कमी घाल! बारामतीत हे कुणाला सांगावं? आमच्या घरामागून कालवा वाहतो. इथे प्रेमाची भाषाच मुळी पाण्याची आहे. पाहुणा उंबऱ्यात आला की त्याच्या हातात आधी तांब्या जातो, मग ख्यालीखुशाली. उसाला पाणी, केळीला पाणी, दारातल्या तुळशीला पाणी. माणूस रागावला तरी त्याला पाणी द्यायचं राहत नाही. अशा गावात, पाण्याशी अबोला धरणाऱ्या झाडांचं कौतुक करायला एक चक्रम बाई लागते, आणि ती मी होते. पण पौषात माझे वडील कळस गावाहून आमच्याकडे राहायला आले आणि कौतुकाचे दिवस संपले.

आबा आले ते दवाखान्यातून. हृदय थकलं होतं, अंगात पाणी साठत होतं, पायांवर सूज होती. बारामतीच्या डॉक्टरांनी त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला, उचलला आणि मला म्हणाले, "बघा." मातीत बोट रोवावं तसा खड्डा पडला होता, आणि तो भरून येत नव्हता. "दिवसाला हा एवढा एक तांब्या. चहा, आमटी, औषधाचं पाणी, सगळं त्यातच. मीठ जवळजवळ बंद. रोज संध्याकाळी असा अंगठा दाबून पाहायचा. पुन्हा छातीत पाणी झालं तर मी काही सांगू शकत नाही." डॉक्टर मृदू बोलले, पण बोलले ते स्वच्छ. आबांचं राहणं-जाणं आता त्या तांब्यात होतं.

आबा म्हणजे कोण, हे सांगितल्याशिवाय या तांब्याचं वजन कळायचं नाही. आबा आयुष्यभर पाटकरी होते. कालव्याच्या पाटावर सायकलीनं फिरायचं, कुणाच्या रानाची पाळी आहे ते पाहायचं, बारं, म्हणजे पाटाचं दार, उघडायचं, पाणी सोडायचं, वेळ झाली की बंद करायचं. ज्या गावाच्या पाणवठ्याला माझ्या पणज्याची सावलीही चालत नव्हती, ओंजळ पुढे करून लांब उभं राहायचं आणि कुणी वरून धार धरली तर प्यायचं, त्या गावाच्या पाण्याची किल्ली पुढे त्याच्याच नातवाच्या हातात आली. आबांनी ती किल्ली सूड म्हणून कधी वापरली नाही. उलट त्यांचा एक दंडक होता: पाणी सोडायचं ते टेलकडून. टेल म्हणजे पाटाचं शेपूट, शेवटचं रान. वरचे लोक पाणी ओढून घेतात आणि शेपटाला धूळ उरते. म्हणून आधी शेपूट भिजवायचं आणि मग वर यायचं. "कुणालाबी पाणी न्हाय म्हणायचं न्हाय," ते आम्हां भावंडांना सांगत. "ते आयकून आयकून आपल्या मान्सांची पिढी गेली."

अशा माणसाला पाणी नाही म्हणण्याचं काम माझ्याकडे आलं. सकाळी बुद्धवंदना झाली की मी तांब्या भरून त्यांच्यासमोर ठेवी आणि ते त्याच्याकडे अपमान झाल्यासारखं बघत. दुपारी मी शाळेत गेले की माठाचं झाकण हललेलं असे. संध्याकाळी त्यांचा घोटाच सगळी चहाडी करी. मी अंगठा दाबला की खड्डा पडायचा, आणि आम्ही दोघंही त्या खड्ड्याकडे बघत बसायचो. एकदा मी चिडून माठ उचलून आत खोलीत ठेवला आणि कुलूप लावलं. आबा खूप शांतपणे म्हणाले, "सुमे, पाणी न्हाय म्हणणारी मान्सं मी लई बघितली. पर ती घरातली नव्हती." मी तसंच जाऊन कुलूप काढलं आणि स्वयंपाकघरात जाऊन रडले. काय करणार होते? दिलं तर वडील जात होते आणि नाही म्हटलं तर त्यांचं सगळं आयुष्य मी खोटं पाडत होते.

आई असती तर तिनं हे सहज निभावलं असतं असं त्या दिवसांत सारखं वाटे. आई सुप्याची. तिकडे सगळी जिरायत, पाण्याची कायमची ओढ. तिथल्या मुलीला भांडी राखेनं घासून दोन ओंजळीत विसळता यायची, आणि पाणी प्यायची तर घोट तोंडात धरून, सावकाश. आबा तिला आयुष्यभर चिडवत आले: "ह्या सुप्याच्या मान्सांचं बघ, पाणीसुदिक चावून पित्यात." आई म्हणे, "तुमचं काय, तुमी पाटातच जल्मलाय." ती जाऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. चिडवायला कुणी नसलं की माणसाची अर्धी बोली नाहीशी होते, तसं आबांचं झालं होतं.

फाल्गुन लागला. परळातल्या खड्यांच्या फटी रुंदावल्या होत्या, आतून नवी, ओलसर हिरवट जोडी डोकावत होती आणि जुन्या पानांवर सुरकुत्या पडल्या होत्या. मी नसीमची आज्ञा पाळून त्यांच्याकडे पाठ फिरवली होती. आणि एका पहाटे कालव्याला पाणी सुटलं. मला ते दुपारी कळलं; आबांना अंथरुणातच कळलं होतं. कालव्याच्या नव्या पाण्याला एक वास असतो, तापलेल्या गाळाचा, शेवाळाचा आणि लांबच्या धरणाचा. तो त्यांच्या उशापर्यंत आला असणार. मी शाळेतून परतले तेव्हा घरातली कुंडी न् कुंडी न्हालेली होती, तुळस न्हालेली, मनीप्लँटची बाटली काठोकाठ, आणि दक्षिणेच्या खिडकीतला परळ चक्क तुडुंब. आबा खुर्चीत बसले होते. कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा उजळला होता.

"पाटाला पाणी आलं की कुणाला कोरडं ठिवायचं नसतं," ते म्हणाले. "आन् सुरुवात टेलकडनं. तुझं खडं पार कोपऱ्यात, म्हंजी टेलच की. बिचारी सुकून चालली हुती. आधी त्यांलाच पोटभर दिलं."

मी परळ हळूच कलंडून पाणी काढून टाकलं. त्या उजळलेल्या चेहऱ्याला काय बोलावं? पण माती पाणी पिऊन बसली होती. दोन-चार दिवस खडे टरारून फुगले, सुरकुत्या गेल्या, आबा खूश झाले. मग एकाची कातडी उकलली. मग सगळ्यांचा रंग काचेसारखा पारदर्शक होऊ लागला आणि खोलीत कुजलेल्या काकडीसारखा मंद वास येऊ लागला. एका संध्याकाळी मी परळापाशी बसून अंगठा टेकवला, तर तो आत गेला आणि उचलला तरी खड्डा तसाच राहिला. मान वर केली तर आबा समोर उभे होते. ते माझ्या अंगठ्याकडे बघत होते, मग स्वतःच्या पायांकडे. त्या संध्याकाळी मी त्यांचा घोटा दाबून पाहिला नाही. गरजच नव्हती.

पुढच्या रविवारी नसीम आली. खड्यांची दशा पाहून आधी हळहळली, मग तिला खरी गोष्ट कळली आणि ती आबांपाशी जमिनीवर मांडी घालून बसली. ती त्यांना काका म्हणे. "काका, ह्यांची रीतच उलटी आहे बघा. जुनी पानं आपल्यातलं पाणी आतल्या नव्या पानांना पाजतात आणि मग वाळतात. त्यांचं पाणी त्यांच्यापाशीच असतं. आपण वरनं ओतलं की जुनी वाळत नाहीत, नवी फुगून फुटतात आणि सगळंच कुजतं. तुम्ही मायेनंच केलंत, पण ह्यांना तेव्हा फक्त थांबणारा माणूस हवा असतो."

आबांनी परळातली माती चिमटीत धरून पाहिली. मग म्हणाले, "जास्तीच्या पाण्यानं जमिनी चोपण झाल्याल्या बघितल्यात मी. उसाच्या नादानं पाणी पाजून पाजून रानं मेली मान्सांची. रानाला पाणी बाधतं हे मला ठावं हुतं. जिवाला बाधतं हे ध्येनात आलं न्हाय."

चहा करायला म्हणून मी आत गेले, लोणच्याची बरणी सरकवली, आणि तिच्याआड तो तुटक्या कानाचा कप. पाचवा खडा. पाटकऱ्याच्या नजरेतून सुटलेलं खरंखुरं शेपूट. तो सुरकुतला होता, चपटा झाला होता, पण कोरडा आणि घट्ट होता. मी कप बाहेर आणला तेव्हा आबांनी हात पुढे केला. त्यांनी तो दोन्ही तळव्यांत धरला आणि म्हणाले, "हा माझ्यापाशी राहू दे."

त्या दिवसापासून कप दक्षिणेच्या खिडकीत आणि आबांची खुर्ची त्याच्याशेजारी. तांब्याही त्यांनी तिथेच ठेवायला सांगितला. काही चमत्कार झाला नाही. चैत्राच्या उन्हात माणसाला लागते तशीच तहान त्यांना लागे, ओठ सुकत, चिडचिड होई, आणि एखाद्या दिवशी घोट्यावर खड्डा पडलेला सापडेच. पण आता तो लपवला जात नसे. "काल जरा बारं जास्त येळ उघडं राहिलं," असं ते स्वतःच सांगत. पाण्याचं वाटप पुन्हा त्यांच्या हातात आलं होतं. मी तांब्या भरून देत होते एवढंच. सकाळचं किती, औषधाला किती, दुपारच्या तलखीला किती, हे सगळं ते पाटावरच्या पाळ्यांसारखं ठरवत. एका दुपारी मी पाहिलं, त्यांनी छोटा घोट घेतला, तोंडात धरला आणि डोळे मिटून किती तरी वेळ तसेच बसले. मी बघतेय हे कळल्यावर गिळून म्हणाले, "तुझ्या आईसारखं चावून पितोय. चांगलं लागतं गं. तिला उगंच हसलो जल्मभर."

चैत्र संपता संपता माझाच धीर सुटला. कपातला खडा इतका वाळला होता की त्याच्यात जीव आहे हे मानायला श्रद्धा लागत होती. बाहेर कालवा भरून वाहत होता, घरात एक झाड पाण्यावाचून चाललं होतं, आणि मी शेवटी बारामतीचीच बाई. एक चमचा, फक्त एक चमचा घालावा म्हणून मी खिडकीपाशी गेले. आबांनी माझं मनगट धरलं.

"ठिव त्यो चमचा. त्याची पाळी न्हाय अजून."

"आबा, मरंल वो ते."

"न्हाय मरत. जुन्या पानातलं पाणी पितंय, पिऊ दे." मग मनगट न सोडता, खिडकीबाहेर बघत म्हणाले, "सुमे, आमच्या म्हाताऱ्यांना जे न्हाय म्हणाले त्ये येगळे. त्यांला आमी जगावं असं वाटत नव्हतं. तुझं न्हाय म्हणणं येगळं हाय. मला त्ये कळायला जरा उशीर झाला, एवढंच."

चमचा माझ्या हातात तसाच राहिला. कुलूप काढल्यापासून छातीवर ठेवलेला एक धोंडा कुणीतरी अलगद उचलून बाजूला ठेवला, असं मला वाटलं.

वैशाखी पौर्णिमेला आम्ही खीर केली. आबांनी आपली वाटीभर खीर दिवसाच्या तांब्यातून वजा केली आणि उरलेलं पाणी हसत हसत पुरवलं. त्याच आठवड्यात कपातल्या खड्याची जुनी पानं अगदी कागद झाली, बोट लावताच सरकली आणि आतून नवी जोडी निघाली: टणक, तकतकीत, राखाडी-तांबूस, तिच्यावर आधीच्या जोडीपेक्षाही कोरीव नक्षी. इतक्या कोरडेपणातून एवढं सतेज रूप कुठून येतं? आपण ज्याला कोमेजणं म्हणतो, त्यातलं नेमकं किती कोमेजणं असतं आणि किती देणं असतं? माझ्या सुरकुतलेल्या वडिलांकडे बघताना मी हा प्रश्न स्वतःला पुष्कळदा विचारला आहे.

उन्हाळा सरला, पावसाळ्याची दमट हवा आली. आबा कप दमटपणापासून जपत, ढगाळ दिवशी खिडकीतून पंख्याखाली आणत, ऊन पडलं की पुन्हा जागेवर. दर महिन्याला डॉक्टर त्यांना तपासत, गोळ्या बदलत आणि दर वेळी जरा जास्त हसत. आणि आश्विनात, नवरात्रीच्या आसपास, त्या दगडाच्या फटीतून एक कळी वर आली. इवल्याशा खड्याची बोटाच्या पेराएवढी कळी. नसीमला मी बूथवरून फोन केला तर ती म्हणाली, एवढ्या लहान झाडाला फूल येतं असं तिनं कधी ऐकलं नव्हतं, आणि ती पहिली एस.टी. पकडून येते आहे.

नसीम पोचायची होती, तेवढ्यातच ते उमललं. दुपार तिरपी झाली होती, फरशी उबली होती. पांढऱ्या बारीक पाकळ्यांचं ते फूल अख्ख्या झाडाहून मोठं होतं आणि वाकून हुंगलं तर त्याला मधासारखा मंद गंध होता. आबांनी तांब्या उचलला, आत डोकावून पाहिलं. तळाशी घोटभर पाणी उरलं होतं. सकाळपासून त्यांनी ते मुद्दाम राखलं असावं.

"आता त्याची पाळी," ते म्हणाले, आणि आपल्या वाट्याचा तो घोट त्यांनी कपाच्या कडेनं, थेंब थेंब, मातीत सोडला. मग रिकामा तांब्या उपडा घालून ते खुर्चीत मागे टेकले आणि दोन्ही पाय उन्हात लांब केले.

"बघ आता माझं."

मी खाली बसले आणि त्यांच्या घोट्यावर अंगठा टेकवला. कातडी उबदार होती, सुरकुतलेली, कोरडी. मी हलकेच दाबलं, क्षणभर धरलं आणि अंगठा उचलला. घोटा किंचित दबला होता. अंगठा उचलताच तो पुन्हा पूर्ववत झाला.